ट्रॉलीतून म्हशी न्यायच्या तर ड्रायव्हरला लायसन्स कोणतं लागतं?

मंगळवेढेकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. डोक्याला ताप झालाय म्हणून विचारतो. घरचा ट्रॅक्टर आहे आणि दोन चाकी हायड्रॉलिक ट्रॉली. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात तीन पंढरपुरी म्हशी न्यायच्यात. मला गुडघ्यामुळं क्लच दाबवत नाही, त्यामुळं पुतण्या चालवणार. त्याचं वय १९, लायसन्स पुण्यात शिकताना काढलेलं, कारचं, म्हणजे एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं).

ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो ट्रॉली जोडली की गाडी ट्रान्सपोर्टची झाली, त्याचं वेगळं लायसन्स पाहिजे, आणि ते विसाव्या वर्षाआधी मिळत नाही. ऊस वाहतुकीचा एक ड्रायव्हर म्हणतो, "आण्णा, आमच्यातल्या निम्म्या पोरांकडं फटफटीचं पण लायसन्स नाही, तुम्ही कशाला घाबरताय?" तिसरा एक शहाणा म्हणाला जनावरांच्या गाडीला आरटीओचा वेगळाच परवाना लागतो.

तिघांतलं खरं कोण? ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनीच सांगा. चावडीवरच्या गप्पा घरी भरपूर आहेत.

शेंगाचटणी

म्हशींना विचारा की, त्यांचा विश्वास कुणावर हाय ते.

कोर्टाची_पायरी

मी वकील नाही, पण अपघात दाव्यांचे कागद लावण्यात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२१). हलकं मोटार वाहन कोणतं, तर ज्या मालवाहू गाडीचं भरल्यासकट एकूण वजन ७५०० किलोपर्यंत आहे ती, किंवा ज्या कारचं, ट्रॅक्टरचं, रोड रोलरचं रिकामं वजन ७५०० किलोपर्यंत आहे ते. ट्रॅक्टरच्या बाबतीत रिकामं वजन धरायचं, हे नीट वाचा. आपल्याकडचे शेतीचे ट्रॅक्टर दोन-अडीच टनांच्या आसपास असतात. म्हणजे ट्रॅक्टर एलएमव्हीतच बसतो.

आता ट्रॉली. २००१ साली नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि तिच्यात माल भरला, एवढ्यानं ट्रॅक्टरचं लायसन्स निरुपयोगी होत नाही. ज्याच्याकडं ट्रॅक्टर चालवायचं वैध लायसन्स आहे त्याचं लायसन्स ट्रॉली जोडल्यावरही वैधच राहतं. विमा कंपन्या त्या काळी हाच मुद्दा काढून हात वर करत होत्या.

पुढं २०१७ साली मुकुंद देवांगन प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळा शिक्का नको. त्यावर पुन्हा वाद झाला, प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडं गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला रंभादेवी प्रकरणात घटनापीठानं तेच कायम केलं.

त्यामुळं तुमच्या पुतण्याचं कारचं एलएमव्ही चालतं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला अजून जुनी वही पाठ आहे.

बार्शीकर

@कोर्टाची_पायरी, तुम्ही एकच बाजू सांगितली. २००५ चा नटवर पारिख विरुद्ध कर्नाटक सरकार हा निकाल कुठं ठेवला? तोही तीन न्यायमूर्तींचाच आहे. त्यात ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडून माल नेला तर ती मालवाहू गाडी, तिला परमिट लागतं, असं स्पष्ट म्हटलंय. मालवाहू गाडी म्हटली की कलम ४ प्रमाणे विसाच्या आतला पोरगा ती सार्वजनिक रस्त्यावर चालवूच शकत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाला तेच म्हणतोय. त्याला येड्यात काढू नका.

आणि कायद्यात 'माल' या व्याख्येतच पशुधन धरलंय. जिवंत माणूस सोडून गाडीतून जे जाईल ते माल. म्हैस मालच.

शेंगाचटणी

आमच्या घरच्या म्हशीला कुणी माल म्हणालं तर ती दूध चोरते.

कोर्टाची_पायरी

@बार्शीकर, नटवर पारिखचा वाद परमिटचा होता, ड्रायव्हरच्या लायसन्सचा नव्हता. ते प्रकरण धंद्याचा माल वाहणाऱ्या कंपनीचं होतं. गाडीला परमिट लागतं का आणि ड्रायव्हरचं लायसन्स चालतं का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर दिवसभर इथंच बसू.

वयाचं म्हणाल तर रंभादेवी निकालात असं आलंय की ट्रान्सपोर्ट गाड्यांसाठी कायद्यात ज्या जादा पात्रता सांगितल्या आहेत त्या ७५०० किलोच्या वरच्या गाड्या चालवणाऱ्यांनाच लागू. त्यात वयाची अटही धरायची, असा युक्तिवाद करता येतो. पण हे मी धाग्यावर म्हणतोय. रस्त्यावर उन्हात उभं राहून १९ वर्षांच्या पोरानं हे साहेबांना समजावून सांगायचं म्हणजे अवघड आहे. माझा व्यवहारी सल्ला, वीस पूर्ण होईपर्यंत त्याला शेतातून घरापर्यंत चालवू द्या. बाजाराला मोठा माणूस बसवा.

ऊस_एक्सप्रेस

काय ओ, आमच्या लोकांचा उल्लेख झालाय म्हणून बोलतो. निम्म्यांकडं लायसन्स नाही हे जुनं झालं. आता कारखान्याला वाहतुकीचा करार करायचा तर ट्रॅक्टरचं आरसी (नोंदणीचं पुस्तक), ट्रॉल्यांचं पासिंग, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन्स मागतात. कागद कुणाचा लावतात आणि सीटवर कोण बसतं हा भाग सोडा.

दंड बघा ना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनलायसन्सचा दंड ५००० झालाय, आणि मालकाला वेगळे ५०००, कारण बिनलायसन्सवाल्याच्या हातात गाडी दिली म्हणून. पोरगं अठराच्या आतलं असलं तर बापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हंगामाची कमाई जाईल.

पण एक सांगतो, लायसन्स कारचं असून ट्रॅक्टर चालवणारा माणूस मला ट्रॉलीसकट नको. कारवाला रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं विसरतो आन ट्रॉली काटकोनात अडकवतो. बाजाराच्या गेटवर तसं झालं की मागं शंभर पिकअप हॉर्न वाजवतात. कायदा काय बी म्हणू दे.

मंगळवेढेकर

@ऊस_एक्सप्रेस पुतण्या ट्रॅक्टर नववीपासून चालवतो. (हे इथं लिहायला नको होतं का?)

शेंगाचटणी

२५ हजार तयार ठेवा काका.

डॉ_गोठा

पशुवैद्यकीय सेवेत असल्यानं तिसऱ्या शहाण्याबद्दल मी लिहितो, कारण तो अर्धा बरोबर आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हा नियम आहे, १ जानेवारी २०१६ पासून लागू. जनावरं वाहणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत, एका कप्प्यात एक जनावर. गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला सव्वादोन चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. अशा बदललेल्या गाडीला आरटीओनं खास परवाना द्यायचा आणि तिच्यातून दुसरा माल न्यायचा नाही. म्हणजे तो परवाना गाडीचा आहे, माणसाचा नाही. ड्रायव्हरच्या लायसन्सवर 'जनावरं' असा शिक्का मारायची पद्धत आपल्याकडं नाही.

दुसरं, प्राणी वाहतूक नियम १९७८. हे आपल्या लोकांना फारसे माहीत नाहीत, आणि रस्त्यावर अडवल्यावर खरी अडचण इथंच येते. पशुवैद्यकाचा दाखला हवा की जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य आजार नाही. एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत. तळाला पाय घसरू नयेत म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या हव्यात. गुरांसोबत दुसरा माल नको. सोबत एक माणूस हवा. जनावराचं तोंड शक्यतो इंजिनाकडं.

तिसरं, कानातला पिवळा बिल्ला. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा शासनाचा आदेश आहे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बाजार बंद करावे लागले होते, ते आठवत असेल. बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर दाखल्यावर उतरवून घ्या. दाखल्यात एक नंबर आणि कानात दुसरा असला तर बिल्ला असूनही उपयोग नाही.

आणि गाभण म्हैस शेवटच्या दिवसांत असेल तर कुठल्याही कागदावर नेऊ नका. दाखला मागायला आलात तर मी देणार नाही.

हिशेबी_माणूस

डॉक्टरांच्या आकड्यांवरून सहज मांडून बघितलं. साधारण ट्रॉली १० फूट × ६ फूट धरू. म्हणजे ३.०५ मीटर × १.८३ मीटर, क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटरच्या थोडं वर. एका म्हशीला २ चौरस मीटर, तर हिशेबानं दोन म्हशी बसतात.

पण तो कप्पा २ मीटर × १ मीटर असा करायला गेलं तर रुंदीत १.८३ मीटरच आहे. आडवी उभी केली तर लांबीचे २ मीटर बसत नाहीत. लांबीत उभी केली तर शेजारी दुसरा १ मीटरचा कप्पा बसत नाही. उरला एकच कप्पा. असा कप्पा धरला तर अख्ख्या ट्रॉलीत एक म्हैस.

शेळ्या मात्र अठरा जातात. मंगळवेढेकर, शेळ्या पाळा.

भीमाकाठ

एका म्हशीसाठी ट्रॅक्टरचं डिझेल जाळायचं, मग ती विकून डिझेल भरायचं. झकास धंदा.

बार्शीकर

@हिशेबी_माणूस हाच तर घोळ आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यापुढं ट्रक होता. आपली ट्रॉली त्यांच्या हिशेबात कुठंच नाही. केंद्रीय नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या बघा, शेतीच्या कामासाठी अवजारं आणि शेतीचा माल वाहायला ट्रॉली. विकायला नेलेली म्हैस शेतीच्या मालात धरायची का? मी धरतो. नाक्यावरचा माणूस धरेलच असं नाही.

गोठ्याची_मालकीण

पुरुषमंडळींचा कायद्याचा फड चांगला रंगलाय, पण माझा अनुभव सांगते. मोहोळ तालुक्यात आमचा गोठा आहे, होल्स्टीन गाई. मालक नोकरीला, त्यामुळं जनावरांचं ने-आण मलाच बघावं लागतं. गेल्या वर्षी मी लायसन्स काढलं. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधारवरून घरी बसून मोबाइलवर झाली, महिन्यानं पक्क्याची ट्रायल दिली. आठवी पासची अट पूर्वी ट्रान्सपोर्टला होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळं आमच्या गड्यालाही पुढचं लायसन्स काढायला सांगितलंय.

ट्रायलला मी कार नेली. तिथं कुणी ट्रॉली जोडून दाखवा म्हणालं नाही. तेच मला खटकतं. कारवर ट्रायल द्यायची आणि त्याच कार्डावर ट्रॉलीत दोन गाई घेऊन हायवेला लागायचं, हे कायद्यात बसतं म्हणून शहाणपणात बसत नाही. मी आमच्या शेतातल्या मोकळ्या रानात ट्रॉली रिव्हर्स घ्यायला शिकले, दिराच्या शिव्या खात.

लेस्टरचा_सोलापूरकर

ताईंच्या मुद्द्यावरून. मी इंग्लंडमध्ये असतो, आमच्या भागात मेंढ्यांची शेती बरीच. इकडं १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना मोठा ट्रेलर ओढायचा तर वेगळी ट्रेलरची परीक्षा द्यावी लागायची, रिव्हर्स घेणं आणि ट्रेलर जोडणं-सोडणं सगळं त्यात. डिसेंबर २०२१ मध्ये ती परीक्षाच रद्द केली. ट्रकचालकांचा तुटवडा होता, परीक्षकांना तिकडं मोकळं करायचं म्हणून. आता कारचं लायसन्स असलं की ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

पण जनावरांचा भाग वेगळाच ठेवलाय. धंद्यासाठी जनावरं ६५ किलोमीटरपेक्षा लांब न्यायची तर वाहतूकदार म्हणून परवानगी आणि जनावरं हाताळायची पात्रता सिद्ध केलेलं प्रमाणपत्र लागतं. शेतकऱ्यानं स्वतःची जनावरं स्वतःच्या गाडीतून ५० किलोमीटरच्या आत नेली तर बरीच सूट. ही अंतराची रेघ मला बरी वाटते. आपल्याकडं तशी काही नाही.

ऊस_एक्सप्रेस

मंगळवेढा ते सांगोला ५० किलोमीटरच्या आतच हाय. आण्णांना इंग्लंडचा कायदा लावा.

भीमाकाठ

आणि टेंभुर्णीच्या ऊसवाल्यांना पण. डबल ट्रॉली ओढताना इंग्लंडचा साहेब बघायला यावा, बेशुद्ध पडेल. त्यात वर दोन स्पीकर, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि मागं लाल रिफ्लेक्टरच्या जागी 'बघतोस काय मुजरा कर'.

शेंगाचटणी

रिफ्लेक्टरपेक्षा तेच लांबून दिसतं.

डॉ_गोठा

थोडं विषयावर येऊ. अंतराच्या रेघेबद्दल मी सहमत नाही. म्हैस पहिल्या दहा किलोमीटरमध्येच सगळ्यात जास्त बावरते, पुढं शांत होते. अपघात चढवताना आणि उतरवताना होतात. बाजारात उतरवायला धक्का नसला की लोक ट्रॉली तिरकी करून जनावर घसरवत खाली आणतात. हायड्रॉलिक उचलून जनावर ओतायचं, हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. पाय मोडलेली खिलार जोडी कुणी विकत घेत नाही. मालकाचं वर्षाचं गणित तिथंच संपतं.

चढवायला शेताचा बांध वापरा. ट्रॉली बांधाला पाठ करून लावा, मधली फट फळीनं झाका. तळाला उसाचं पाचट जाड अंथरा, खाली पोती किंवा चटई. वेसणीला बांधू नका, धक्का बसला की नाक फाटतं. म्होरकीला बांधा, आणि दावं एवढं आखूड नको की मान वर टांगली जाईल, एवढं लांब नको की पायात अडकेल.

ऊस_एक्सप्रेस

डॉक्टरसाहेब बरोबर बोलले. ड्रायव्हरच्या बाजूनं मी सांगतो.

दोन चाकी ट्रॉली असली तर वजन कुठं पडतंय ते महत्त्वाचं. सगळी जनावरं मागं सरकली की ट्रॉली मागं झोपायला बघते, हुकवरचा भार उठतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. सगळी पुढं आली तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग लागत नाही. ऊस एकदा बांधला की हलत नाही, जनावर वळणावर पाय टाकतं. म्हणून मध्ये आडवा बांबू किंवा पाइप घालून जनावरं एकमेकांपासून अलग करा. डॉक्टरांच्या कप्प्याचं आमच्या भाषेतलं रूप.

ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल शेतात सुटे असतात. रस्त्यावर निघायच्या आधी दोन्ही जोडणारी खिट्टी लावा. नुसता एक ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचतो आणि मागून ट्रॉली ढकलते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शूर वीर बघितलेत, पण जनावरं भरून तो शूरपणा करू नका. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि हायड्रॉलिकच्या ट्रॉलीची पुढची पिन. ती निघाली आणि पाइप फुटला तर पुढचं बोलायला नको.

कोर्टाची_पायरी

डॉक्टरांनी सांगितलेल्या एका नियमाची गंमत बघा. १९७८ चे नियम म्हणतात जनावरांसोबत एक माणूस हवा. हा माणूस बसणार कुठं? ट्रॅक्टरला सीट एक. १९८९ च्या रस्ता नियमांत २८ वा नियम होता की ट्रॅक्टर चालवताना त्यावर दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. मडगार्डवर बसलेला माणूस तिथंच बेकायदा. ट्रॉलीत जनावरांमध्ये बसवला तर विमा त्याला धरत नाही. ट्रॉलीत बसलेल्या मजुराच्या, पाहुण्याच्या दाव्यात कंपनीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ट्रॉली माणसांसाठी नाही.

मी बघितलेल्या दाव्यांत लायसन्सवरून जेवढं अडलं, त्याहून जास्त तीन गोष्टींवरून अडलं. एक, ट्रॉलीचं पासिंगच केलेलं नाही. ट्रॉलीला स्वतःचं आरसी लागतं आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही लिहावा लागतो. कलम ६१. दोन, विमा ट्रॅक्टरचा आहे, त्यात ट्रॉली लिहिलेलीच नाही. तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो, थोडाच असतो, पण एजंट विचारत नाही आणि आपण सांगत नाही. तीन, पॉलिसीवर शेतीसाठी वापर असं छापलेलं आणि गडी भाड्यानं दुसऱ्याची जनावरं नेत होता.

मंगळवेढेकर, तुमच्या ट्रॉलीचं पासिंग आहे का ते आधी बघा. पुतण्याचं लायसन्स नंतर.

बार्शीकर

हे मात्र शंभर टक्के. भाड्याचा मुद्दा सगळ्यात वाईट. शेजारी म्हणतो, "जाताच आहात तर माझी पण एक टाका, डिझेलचे निम्मे देतो." तिथून शेतीचा ट्रॅक्टर मालवाहू व्हायला सुरुवात होते. आता माझा नटवर पारिख आठवेल तुम्हाला.

कोर्टाची_पायरी

आठवला. तिथं तुमच्याशी माझं भांडण नाही.

माणदेशी_गडी

उशिरा आलो. सांगोल्याचाच आहे, बाजारात येणं-जाणं असतं. एक साधी गोष्ट कुणीच बोललं नाही. तीन म्हशींसाठी ट्रॅक्टर कशाला? पिकअप करा. आता बाजारात निम्म्याहून जास्त जनावरं पिकअपनंच येतात. एकूण वजन ७५०० किलोच्या खूप आत, म्हणजे एलएमव्ही चालतं, वर निकाल दिलाच आहे. ड्रायव्हरशेजारी सोबतच्या माणसाला सीट आहे, तो प्रश्न मिटला. पिवळी पाटी आहे, भाड्यानं नेलं तरी गाडी त्याच कामाची. ट्रॅक्टरनं पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सौदा होऊन चहा होतो.

फक्त जनावरं नेहमी वाहणारा पिकअपवाला बघा. सिमेंट, कांदा वाहणाऱ्याच्या गाडीचा तळ गुळगुळीत पत्र्याचा असतो. आणि तीन म्हशी एका खेपेत कोंबू नका. कोंबल्याचा गुन्हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात येतो, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दंडाला हसू येतं, पण जनावरं गोशाळेत पाठवली की सोडवून आणायला चकरा मारून चपला झिजतात, आणि तिथल्या चाऱ्याचा खर्च आपल्याच माथी.

बाजारातून परत येताना खरेदीची पावती खिशात ठेवा. २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळं खोंड, बैल घेऊन चाललेल्या गाडीला जास्त विचारतात. शेतीसाठी घेतलेल्या जोडीचीही पावती नसली की तासन् तास उभं करतात. दाखला, बाजार समितीची पावती, कानातला बिल्ला, एवढं असलं की बहुतेक वेळा पुढं जाऊ देतात.

गोठ्याची_मालकीण

@माणदेशी_गडी पिकअपचं भाडं परवडलं तर. एक म्हैस न्यायची असली की भाडं म्हशीच्या अंगावर पडतं. आम्ही शेजारची तीन-चार घरं मिळून एक करतो, पण तेव्हा दाखले प्रत्येकाच्या नावावर वेगळे लागतात हे लक्षात ठेवा.

भीमाकाठ

एक शंका. आमच्या वडिलांचं वय ५८. त्यांचं जुनं लायसन्स संपून सहा महिने झाले. ट्रॅक्टर तेच चालवतात. पूर्वी तीस दिवस सूट असायची ना?

कोर्टाची_पायरी

ती तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपली त्या दिवसापासून लायसन्स नाही असंच धरतात, आज अपघात झाला तर विमा कंपनी तोच कागद पुढं करेल. आजच चाव्या काढून घ्या. संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर परीक्षा नाही, वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रायल. पंचावन्नच्या पुढं पाच-पाच वर्षांसाठी मिळतं, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागतं. ऑनलाइन सारथी पोर्टलवर भरता येतं.

भीमाकाठ

वडिलांच्या चाव्या काढून घ्यायच्या? तुम्ही या घरी, तुम्हीच काढा.

शेंगाचटणी

घटनापीठ बसवा.

मंगळवेढेकर

सगळ्यांचे आभार. ट्रॉलीचे कागद शोधले. वडिलांच्या नावावर आरसी आहे, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, नाव बदललेलं नाही. विम्यात ट्रॉली लिहिलेली नाही. पुतण्याचं लायसन्स एवढ्या सगळ्यात एकच धड निघालं.

तर आता असं ठरवलंय. या रविवारचा बाजार सोडतो. डॉक्टरांकडून दाखले घेऊन पुढच्या बाजाराला दोन म्हशी पिकअपनं, मी सोबत. तिसरी गाभण आहे, तिला विकायचा विचार सोडला. ट्रॉली नावावर करून घेतो, विम्यात घालतो, मगच ती रस्त्यावर. पुतण्याला सांगितलं तर म्हणाला, "काका, मग माझी ट्रायल कधी?" त्याला बांधाजवळ ट्रॉली रिव्हर्स लावायला बसवलाय.

ऊस_एक्सप्रेस

लागली का?

मंगळवेढेकर

ट्रॉली लागली. बांध गेला.

अकलूजची_टाप

मंडळी, थोडं वेगळं. अकलूजच्या घोडेबाजारातून एक घोडी आणायची आहे. जीपच्या मागं एक घोड्याचा छोटा ट्रेलर बनवून घेतला तर जीपचं एलएमव्ही चालेल का? ट्रेलरचं पासिंग फॅब्रिकेशनवाला करून देतो म्हणतोय.

कोर्टाची_पायरी

लायसन्स चालेल. पासिंग फॅब्रिकेशनवाला करून देत नसतो, आरटीओ देतं. तो मंजूर नमुन्याप्रमाणे बनवतो का ते पैसे देण्याआधी विचारा. बाकी कप्प्याची मापं वर डॉक्टरांनी दिली आहेत, घोड्याला सव्वादोन चौरस मीटर.

अकलूजची_टाप

तो म्हणतो दोन चौरस मीटरचा करू, घोडी लहान आहे.

डॉ_गोठा

वेगळा धागा काढा. तिथं सविस्तर भांडतो.